शिकण्यातला आनंद: कन्फ्यूशियस आणि धानोऱ्याजवळचं मेंढा

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. गावातले देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने इथे अभ्यासगट रुजले. जंगल, कायदा, मध असा गावाला भिडलेला प्रश्न घ्यायचा आणि गावकऱ्यांनी बाहेरच्या जाणकारांसोबत बसून तो समजून घ्यायचा, ही त्यांची रीत. चिनी विचारवंत कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) शिकण्यातल्या आनंदाविषयी काय म्हणत होता, ते या गावाकडे पाहिलं की नीट उलगडतं.

गैरसमज १: कन्फ्यूशियस म्हणजे घोकंपट्टी आणि परीक्षा.

वस्तुस्थिती: चीनमधली सरकारी नोकरीची परीक्षा सुई राजवटीत, त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी सुरू झाली. झू शी (११३०–१२००) या पंडिताच्या भाष्यासह कन्फ्यूशियस परंपरेतले ‘चार ग्रंथ’ १३१३ साली परीक्षेला नेमले गेले. १९०५ साली ही परीक्षा बंद होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या ते पाठ करत राहिल्या. कन्फ्यूशियसची स्वतःची शिकवण त्याच्या शिष्यपरंपरेने त्यांतल्याच ‘ॲनालेक्ट्स’ या संग्रहात जपली आहे. विचार न करता शिकणं फुकट आणि न शिकता विचार करणं धोक्याचं, असं त्याचं तिथलं म्हणणं आहे; म्हणजे घोकंपट्टीच्या उलटच.

गैरसमज २: आनंदाने शिकायचं म्हणजे सगळं सोपं आणि गमतीचं करायचं.

वस्तुस्थिती: या संग्रहाची सुरुवातच आनंदाने होते, पण तो आनंद शिकलेलं वेळोवेळी करून पाहण्याचा आहे. लगेच पुढे दुरून आलेल्या मित्रांच्या सोबतीचा आनंद येतो. मेंढ्यात दोन्ही दिसतात. निस्तार हक्क (घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याचा हक्क), वनकायदे हा विषय रुक्षच. पण जंगल आपलं असेल तर त्यातलं कलम न् कलम कामाचं ठरतं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका आहेत. कष्ट टळले नाहीत, त्यांना अर्थ आला.

गैरसमज ३: गुरूने सांगावं, शिष्याने मान डोलवावी.

वस्तुस्थिती: आपण एक कोपरा दाखवला आणि उरलेले तीन विद्यार्थ्याने स्वतः शोधले नाहीत, तर पुन्हा सांगणार नाही, असं कन्फ्यूशियस म्हणे. यान हुई हा त्याचा सर्वांत लाडका शिष्य. तरीही आपलं सगळंच त्याला पटतं, त्यामुळे आपल्याला त्याची मदत होत नाही, असं कन्फ्यूशियसने त्याच्याविषयी म्हटलं आहे. मेंढ्याने प्रश्न विचारण्याला जागाच करून दिली. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. त्यामुळे गटात कुणाला जिंकायचं नसतं. शंका बोलून दाखवता येते, मत बदलता येतं.

गैरसमज ४: ज्ञान शिकलेल्यांकडे असतं, बाकीच्यांनी ते घ्यायचं.

वस्तुस्थिती: वाळवलेल्या मांसाची जुडी एवढी साधी गुरुदक्षिणा आणणाऱ्यालाही कन्फ्यूशियस शिकवत असे. तिघे सोबत चालले तर त्यात आपला एक गुरू असतोच, असं तो मानी. तरी त्याची मर्यादाही सांगायला हवी. फान ची या शिष्याने शेती शिकवा म्हटल्यावर त्याने जुन्या शेतकऱ्याचं ज्ञान मोठं मानलं, पण शिष्य निघून गेल्यावर त्याला खुज्या विचाराचा ठरवलं. इथे मेंढा त्याच्या पुढे जातं. मधमाश्यांना न मारता, पोळं उद्ध्वस्त न करता मध कसा काढावा, हा इथे अभ्यासाचा विषय झाला. पोळ्यापर्यंत चढणाऱ्याचा अनुभव आणि जाणकाराची माहिती शेजारी बसली.

मार्क, शाबासकी, नोकरी यांच्यावर टांगलेला आनंद निकालाबरोबर संपतो. म्हणूनच जगाने दखल घेतली नाही तरी खट्टू न होण्याची गोष्ट कन्फ्यूशियसने ‘ॲनालेक्ट्स’च्या त्याच सुरुवातीच्या ओळींत घातली. शिकण्याचा आनंद टिकायला तीन गोष्टी लागतात: स्वतःचा प्रश्न, सोबतीला माणसं आणि शिकलेलं वापरून पाहण्याची जागा. धानोरा तालुक्यातली प्रत्येक शाळा आणि प्रत्येक ग्रामसभा या तिन्ही गोष्टी जुळवू शकते. सुरुवात आपल्या गावच्या एका खऱ्या प्रश्नापासून करावी.