जुन्या दुचाकींची निगा (लेखांक ७) : गिअरबॉक्समधील तेल
मागील लेखांकात दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमधून मिळणाऱ्या वंगणाचा विचार झाला. ते तेल पेट्रोलबरोबर जळून जाते आणि टाकी भरताना दरवेळी नव्याने मिसळावे लागते, त्यामुळे त्याचा विसर सहसा पडत नाही; परंतु त्याच इंजिनात गिअर आणि क्लच ज्या दुसऱ्या तेलात बुडालेले असतात, ते निरोगी गाडीत जळत नसल्याने वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी गाड्यांपैकी एका सिलिंडरची, २५० सीसीची गाडी आजही अनेकांनी जपली असल्याने, या तेलाचे कार्य समजून घेण्यासाठी तिचेच उदाहरण घेणे सोयीचे ठरते.

या इंजिनात क्रँकच्या डाव्या टोकाकडील साखळी क्लच फिरवते, क्लचमधून शक्ती चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये जाते, आणि साखळी, क्लच व गिअर या तिघांत मिळून सुमारे एक लिटर तेल सामाईक असते. तेलात बुडून काम करणाऱ्या अशा क्लचला ‘ओला क्लच’ म्हणतात. येथे एकाच तेलाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात, कारण गिअरच्या दात्यांमध्ये त्याने घर्षण कमी करायचे असते, तर क्लचच्या प्लेटा मात्र घर्षणाच्याच बळावर एकमेकींना धरून राहतात. मोटारींसाठी बनवलेल्या काही इंजिन ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण घटवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. असे तेल येथे घातले तर क्लचच्या प्लेटा घसरतात आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ हे ओल्या क्लचसाठीचे जपानी मानक छापलेले तेल घेणे सुरक्षित असते.

दुसरा घोटाळा आकड्यांचा आहे. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांचा दाटपणा दोन वेगवेगळ्या मापपट्ट्यांवर मोजला जातो, त्यामुळे गिअर ऑइलवरील ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या ५०पेक्षा कितीतरी मोठा वाटत असला, तरी तापलेल्या अवस्थेत ९०चे गिअर ऑइल साधारण ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. प्रश्न दाटपणापेक्षा द्रव्यांचा अधिक असतो, कारण ‘जीएल-५’ वर्गाच्या गिअर ऑइलांतील गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये पितळी आणि काशाच्या बुशांना हळूहळू खाऊ शकतात.

तेल काढण्यापूर्वी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन काही मिनिटे चालवावे, कारण कोमट तेल पातळ होऊन तळाचा गाळ आपल्याबरोबर घेऊन येते. इंजिन बंद करून तेल थोडा वेळ खाली बसू द्यावे आणि मग प्रथम वरचे झाकण उघडावे. ते जाम झाले असेल, तर सगळे तेल सांडून गेल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. त्यानंतर क्लचच्या बाजूचा पातळीचा स्क्रू सैल करून तेथून तेल येते का हे पाहिल्यावरच तळाचा ड्रेन बोल्ट काढावा.

निघालेले तेल न पाहता फेकून देणे ही मोठी चूक आहे, कारण बंद यंत्राच्या आतली स्थिती इतक्या स्वस्तात दुसरे काहीच सांगत नाही. बोल्टावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा असतो, पिवळी चकाकी बुश झिजल्याचे सुचवते, टोकदार कपचे दिसले तर गिअरचा दाता तुटल्याची शंका घ्यावी लागते, आणि दुधाळ रंग पाणी शिरल्याचे सांगतो, जे पावसाळ्यानंतर बऱ्याचदा आढळते. याहून मोलाची खूण म्हणजे तेलाचे माप. दट्ट्या वर जाताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पोकळीत, दाब घटतो आणि त्या ओढीनेच कार्ब्युरेटरमधून पेट्रोल व हवेचे मिश्रण आत येते. क्लचकडील ऑइल सील झिजले असेल, तर हीच ओढ शेजारच्या कप्प्यातील गिअर ऑइलही खेचते आणि ते जळून दाट पांढुरका धूर येतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त झाले असे समजून अनेकदा तेच कमी केले जाते, आणि दोष सीलचा असताना उपासमार दट्ट्याची होते. गाडीखालची जमीन कोरडी, पातळी मात्र उतरलेली, अशी स्थिती असेल तर संशय प्रथम या सीलवर घ्यावा.

ड्रेन बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर दाबून कठीण झालेला असतो, म्हणून तो बदलावा किंवा लाल होईपर्यंत तापवून, गार करून मऊ करावा. केसिंग ॲल्युमिनियमचे असल्याने बोल्टावर जोर काढला तर आटे जातात. नवे तेल पातळीच्या स्क्रूमधून पाझरू लागेपर्यंतच भरावे. अधिक भरल्यास, किंवा तेल फार दाट असल्यास, थंड इंजिनात क्लच पुरता सुटत नाही, आणि या गाडीत गिअरचा पायखटका दाबताच क्लच आपोआप सुटण्याची योजना असल्याने गिअर पडताना होणारा खडखडाट तिथेच प्रथम जाणवतो. किती तेल आत गेले ते तारखेसह वहीत नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढील वेळी निघालेले तेल त्या आकड्याशी ताडून पाहता येते.