शिपायाच्या छातीवरचं पदक

कारगिल युद्धात टायगर हिलवर अंगात गोळ्या शिरलेल्या असतानाही लढत राहिलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव १९ वर्षांचे होते. त्यांना परमवीर चक्र जाहीर झालं, तेही ‘मरणोत्तर’ म्हणून! यादव तेव्हा रुग्णालयात उपचार घेत होते. नावाच्या साधर्म्यामुळे घोळ झाला होता.

परमवीर चक्र मेल्यावरच मिळतं, असं अनेकांना वाटतं. आजवरच्या २१ पैकी १४ मानकऱ्यांना ते मरणोत्तर मिळालं, हे खरं. सात जण मात्र हयात होते. आणि या सातांतले चौघे अधिकारी नव्हते.

हे ऐकून भुवया उंचावतात, कारण मोठी पदकं साहेबांना आणि शिपायाला फार तर शाबासकी, हा समज ‘मेल्यावरच’च्या समजाहूनही जुना. प्रत्यक्षात २१ पैकी ९ परमवीर चक्रं अधिकारी नसलेल्यांची आहेत. त्यांत सुभेदार आहेत, नायक आहेत, तसे अगदी पहिल्या पायरीवरचे ग्रेनेडियर आणि रायफलमनही.

समज निराधार म्हणता येत नाही. इंग्रजी अमलात पराक्रम तोच, पण अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस आणि जवानाला मिलिटरी मेडल, अशी पंगतच वेगळी होती. ब्रिटननं ती १९९३ मध्ये मोडली. ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक असलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसला हुद्द्याची अट नव्हती. भारतीय सैनिकांना मात्र तो १९११ पर्यंत बंद होता. पुढे तो मिळवणाऱ्यांत मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव होते. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. निरोप पोहोचवणं हे त्यांचं काम. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं आणि मग एकट्यानं जर्मन मशिनगनवर चाल केली. हात जखमी होऊन बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातगोळे घेतले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना!

सर्वोच्च पदक सोन्याचं असेल, हाही अंदाज चुकतो. सावित्री खानोलकरांनी रेखाटलेलं परमवीर चक्र कांस्याचं आहे. त्याखालची महावीर आणि वीर चक्रं चांदीची.

शौर्यपदकाला युद्धच लागतं असंही नाही. शांतताकाळातलं सर्वोच्च अशोक चक्र नागरिकांनाही मिळतं. २००९ मध्ये ते मरणोत्तर मिळालेले तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत सहायक फौजदार होते. २६/११च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीला त्यांनी दहशतवादी कसाबची रायफल धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याकडे फक्त लाठी होती.