पारणं नसलेला उपवास

खुलताबादमध्ये कुणी जेवलं नाही तर कुणाला नवल वाटत नाही. शनिवारी भद्रा मारुतीचा उपवास, श्रावणी सोमवारी शेजारच्या वेरुळात घृष्णेश्वराचा, रमजानमध्ये महिनाभर रोजे, शिवाय एकादशी, संकष्टी, हरतालिका आहेतच. अशा गावात सतरा-अठरा वर्षांची मुलगी अर्ध्या ताटावरून उठू लागली की घरच्यांना आधी तिची श्रद्धा दिसते, मग हट्ट दिसतो आणि आजार सगळ्यांत शेवटी. फरक ओळखणं मात्र अवघड नाही. उपवास सुटतो. द्वादशीला पारणं असतं, मगरिबच्या अजानला इफ्तार असतो आणि त्या घासाची सगळं घर वाट पाहतं. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात पारणं नसतं. जेवायची वेळ जवळ येते तशी भीती वाढत जाते. बुलिमियात भीती तीच, पण मधूनच खाण्यावरचा ताबा सुटतो आणि मग खाल्लेलं उलटून काढण्याची धडपड चालते. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटतो, उलटून काढणं नसतं, लाज मात्र तेवढीच. या आजारांवर उपचार आहेत, ते तपासून पाहिलेले आहेत, आणि त्यांतला सर्वांत भक्कम उपचार महागड्या केंद्राच्या दाराशी नव्हे, घरच्या ताटापाशी सुरू होतो. हे कळायला आड येतात ते आपले समज.

पहिला समज असा की हे मुंबई-पुण्याच्या श्रीमंत मुलींचं खूळ आहे. १९९५ साली दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी खाणं सोडलं होतं, उलट्या होत होत्या, वजन घसरलं होतं, पाळी बंद झाली होती. पण ‘मी जाड आहे’ अशी पाश्चात्त्य पुस्तकांतली तक्रार त्यांची नव्हती. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनाही असेच रुग्ण आढळले होते. आपल्याकडच्या मुली ‘पोटात दुखतं’, ‘घास उतरत नाही’, ‘भूकच नाही’ असं सांगतात आणि डॉक्टर पोटाचं औषध देतात. त्यात भर म्हणजे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या साधारण दर पाचांतली एक स्त्री मुळातच कमी वजनाची आहे आणि निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. जिथे बारीक असणं हेच सर्वसाधारण, तिथे आजाराने बारीक झालेली मुलगी गर्दीत हरवते. गाव लहान आहे म्हणून संरक्षण मिळतं असंही नाही. फिजीच्या एका ग्रामीण भागात १९९५मध्ये टीव्ही आला. १९९८पर्यंत तिथल्या शाळकरी मुलींपैकी सुमारे ११ टक्के वजनासाठी उलटी काढू लागल्या होत्या, आधी अशी एकही नव्हती. टीव्हीच्या जागी आज मोबाइल आहे, आणि तो खुलताबादच्या प्रत्येक गल्लीत आहे.

दुसरा समज औषधाच्या दुकानात भेटतो. भूक वाढवणारं सिरप, शक्तीचं टॉनिक, अशक्तपणा वाटला की एक सलाईन. ॲनोरेक्सिया या शब्दाचा अर्थ ‘भूक नसणं’ असा आहे खरा, पण नाव चुकलेलं आहे. भूक असते, बहुतेकींना तर भयंकर असते, ती दाबण्यातच सगळी ताकद खर्च होते. तिथे भुकेचं सिरप काय करणार? सलाईनची गोष्ट त्याहून गंभीर. दीर्घ काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज किंवा भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाची लय बिघडू शकते, मृत्यूही येऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे दिसलं होतं. म्हणून फार खालावलेल्या मुलीला पुन्हा खाऊ घालण्याची सुरुवात रक्ततपासणी आणि ईसीजी करून, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावी लागते. पाळी थांबली म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी रक्तस्राव येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण तो गोळ्यांचा परिणाम असतो. शरीर उपाशीच असतं. ‘लग्न लावून द्या, आपोआप जेवेल’ हा सल्ला याच दुकानातला, फक्त बिनपावतीचा. खऱ्या औषधांची यादी छोटी आहे. बुलिमियात फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी अजून नाही, काही वेळा ओलान्झापिनची थोडी मदत होते एवढंच.

तिसरा समज शिकलेल्या घरांतला आहे आणि ऐकायला सर्वांत समंजस वाटतो: आधी मनातलं कारण शोधा, ते सुटलं की ती जेवेल. याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या मनात आधी कुठलीही गाठ नव्हती. तशीच माणसं निवडली होती. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, घास चिवडत तासन्‌तास जेवू लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, कुणी खाण्यावर तुटून पडून नंतर स्वतःलाच दोष देऊ लागला. घरचे ज्याला मुलीचा ‘स्वभाव बदलला’ म्हणतात, त्यातलं बरंचसं उपासमारीचं काम असतं. उपाशी मेंदूशी मनाच्या खोलीबद्दल बोलणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला गणित शिकवणं. म्हणून क्रम उलटा लागतो: आधी अन्न, मग उलगडा. कारणं बिनमहत्त्वाची आहेत असं नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसतो, आणि शेरेबाजी, अत्याचार, परीक्षेचा ताण यांचाही वाटा असू शकतो. पण आग कुणी लावली याची चौकशी आग विझवल्यावर करायची असते.

मग अन्न द्यायचं कुणी? इथे चौथा समज आडवा येतो, की दोष आईबापांचा आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर अशा मुलींना घरापासून तोडून ठेवायचा सल्ला देत. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या चमूने हे उलटवलं. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ८० रुग्णांच्या अभ्यासात, लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि तो तीन वर्षांहून जुना नसलेल्या मुलींना कुटुंबासह केलेला उपचार जास्त लागू पडला. त्यातून पुढे कुटुंबाधारित उपचार उभा राहिला. पहिल्या टप्प्यात काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, जेवताना शेजारी बसतात, ओरडत नाहीत आणि हटतही नाहीत. वजन सावरू लागलं की खाण्याचा ताबा हळूहळू मुलीकडे परत जातो. तिसऱ्या टप्प्यात तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न येतात. मुलगी वेगळी आणि आजार वेगळा, भांडण आजाराशी, हे सूत्र शेवटपर्यंत राहतं. २०१०मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीनांवर झालेल्या चाचणीत, उपचार संपल्यानंतर वर्षभराने या पद्धतीने ४९ टक्के पूर्ण सावरलेले होते, एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलण्याच्या उपचाराने २३ टक्के.

यावर आक्षेप रास्त आहे: लंडनचं कुटुंब आणि खुलताबादचं कुटुंब एक नव्हे. इथे बाप शेतात किंवा दुकानात, आई सगळ्यांच्या नंतर तव्यापाशी जेवणार, आजी म्हणणार ‘पोरीच्या जातीला बेताचंच खाणं बरं’, आणि पाहुणे येता-जाता अंगकाठीवर बोलणार. खरं आहे. काही घरांत तर मारहाण असते, तिथे कुटुंबाला उपचारात घेणं धोक्याचंच. पण बाकीच्या घरांत हाच आक्षेप उपचाराची यादी बनतो: आईने मुलीबरोबर ताटावर बसायचं, वजनावर घरात कुणी बोलायचं नाही, आजारी असेतो उपवास आणि रोजा नाही. शेवटच्या अटीला धर्माची आडकाठी नाही. आजाऱ्याला रोज्यातून सूट इस्लामने दिलेली आहे, आणि उपवासाचं म्हणाल तर आजारपणात तो नको हे घरातली आजीच सांगते. एकत्र कुटुंबात निदान एक काकू किंवा मोठी बहीण तरी दुपारच्या जेवणाला शेजारी बसायला सापडते. लंडनच्या चौकोनी कुटुंबाला ती सोय नसते. अन्नही परकं लागत नाही. भाकरी, वरण, तूप, शेंगदाण्याची चटणी, दूध, केळं यांवर वजन सावरतं. (किलो आणि कॅलरींचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. आजारी मुलगी असे आकडे स्पर्धेसारखे वाचते.)

मुलगी बावीस-पंचवीसची असेल, नोकरीला असेल किंवा सासरी असेल, तर ताट हातात घेऊन बसणं चालत नाही. तिथे वर्तन आणि विचार यांवर काम करणारा उपचार पुढे येतो. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी तो या विकारांसाठी बेतला. सहसा २० आठवड्यांत २० बैठका, वजन फार कमी असल्यास दुप्पट. ती खाल्लेलं त्याच वेळी लिहून ठेवते, दिवसात तीन जेवणं आणि मधली खाणी ठरल्या वेळी घेते, आठवड्यातून एकदाच वजन करते, आणि उपासमार आणि ताबा सुटणं हे एकाच चक्राचे दोन भाग आहेत हे स्वतःच्या वहीतच पाहते. ‘पाच महिन्यांत काय होणार, मुळाशी जायला वर्षं लागतात’ असं वाटत असेल त्यांनी कोपनहेगनची २०१४ची चाचणी पाहावी. बुलिमियाच्या ७० रुग्णांपैकी या उपचाराच्या गटात पाच महिन्यांनी ४२ टक्क्यांचं अतिखाणं आणि उलट्या थांबल्या होत्या. दोन वर्षं चाललेल्या मनोविश्लेषणाच्या गटात दोन वर्षांच्या शेवटी १५ टक्क्यांच्या.

राहिला अंतराचा प्रश्न. या विकारांचं खास केंद्र खुलताबादला नाही, आणि बहुतेक मुलींना ते लागतही नाही. नाडी, रक्तदाब, वजन ही देखरेख ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते. २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या किशोरवयीनांच्या क्लिनिकांना महाराष्ट्रात ‘मैत्री’ म्हणतात. पहिलं बोलणं तिथे होऊ शकतं. मानसोपचारतज्ज्ञ पंचवीसेक किलोमीटरवर संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात भेटतात. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशकाला मात्र थेट विचारावं: खाण्याच्या विकारावर आधी काम केलं आहे का, दर आठवड्याला वजन पाहणार का, आम्हाला बैठकीत घेणार का? तीनही उत्तरं नकारार्थी असतील तर दुसरा शोधावा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायांत गोळे, पायांवर सूज, पाणीही न घेणं किंवा मरणाची भाषा यांपैकी काही दिसलं तर फोन किंवा पुढची तारीख नको, थेट रुग्णालय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही मनाचे आजार शरीराच्या आजारांच्या बरोबरीने धरायला लावलं आहे.

‘वजन भरलं, आता झालं’ हा शेवटचा समज, आणि ‘ही आता कधीच सुधारणार नाही’ हा त्याचा जुळा भाऊ. वजन आधी सावरतं, भीती महिनोन्‌महिने मागे राहते. म्हणून बैठका तिथेच थांबवू नयेत. आणि बॉस्टनच्या एका दीर्घ पाठपुराव्यात ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रियांपैकी नऊ वर्षांनी सुमारे ३१ टक्के बऱ्या होत्या, बावीस वर्षांनी सुमारे ६३ टक्के. म्हणजे दहा वर्षं आजारी असलेलीही पुढे सावरू शकते. मग ती पुन्हा श्रावणी शनिवार धरू शकेल का, असं घरचे विचारतात. पाळी नियमित येऊन बराच काळ गेला, बाहेर जेवताना हिशेब मनात येईनासा झाला, की हा प्रश्न तिने स्वतः तिच्या डॉक्टरांपुढे काढावा. तोवर भद्रा मारुतीला तिने जेवून जावं.