बारा चित्रांची तालीम

हल्ली मोबाइलवर दिवसाला पन्नास फोटो निघतात आणि त्यातला एकही आपण पुन्हा बघत नाही. म्हणूनच आमच्या घरांतल्या मुलींना होमाई व्यारावाला यांच्या शिकण्याची हकिकत सांगावीशी वाटते.

होमाईंचा जन्म १९१३ साली नवसारीच्या पारशी कुटुंबात झाला. वडील उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट. कंपनीबरोबर फिरती आणि कमाई बेताची. तरी मुलीची तालीम थांबली नाही. मुंबईत मॅट्रिक करून त्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकल्या. कॅमेरा हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे दोघांचा विवाह झाला.

तेव्हाचा कॅमेरा फिल्मचा. रोलिफ्लेक्समध्ये एका रोलवर बाराच चित्रे. रोल महाग, आणि चित्र कसे आले ते अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्यावरच कळणार. तोवर तो क्षण निघून गेलेला! त्यामुळे बटण दाबण्याआधीच उजेड कुठून येतो, कडेला काय नको आहे, हे पाहावे लागे. चित्रकलेच्या वर्गात कमावलेली नजर इथे उपयोगी पडली. कला शाळेतली मैत्रीण रेहाना मोगल हिची त्यांनी काढलेली चित्रे आजही ताजी वाटतात. बायकांच्या एका सहलीची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली, तेव्हा एका चित्राचा एक रुपया मिळाला.

मात्र सुरुवातीची बरीच चित्रे माणेकशांच्या नावाने छापली गेली. एका अनोळखी तरुणीचे नाव कोण मानणार? पण हुन्नर लपत नाही. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंचे कितीतरी क्षण त्यांनी टिपले. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. २०११ साली पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

आम्ही शिक्षक मुलांना एवढेच सुचवू: आठवड्याला बाराच फोटो काढा. प्रत्येकाआधी थोडे थांबा. रविवारी घरातल्यांसमोर ते मांडा आणि कोणता का जमला, ते बोला. सब्र अशीच अंगी येते.

आणि पालकांनो, मुलीने काढलेले चित्र भिंतीवर लावाल, तेव्हा खाली तिचेच नाव लिहा.