मोटारीवाचून न्यूरेंबर्ग : दोन दिवस, एक रात्र

मैत्रिणींनो, मुलगा किंवा मुलगी जर्मनीत असली, की आपल्यापैकी पुष्कळजणींची जर्मनी म्हणजे एक फ्लॅट, एक स्वयंपाकघर आणि कोपऱ्यावरचे वाणसामानाचे दुकान. बाळंतपण करायला म्हणून गेलेलो असतो, तेव्हा तक्रारही करता येत नाही. शनिवारी जावई मोटार काढतो आणि आपण मागच्या सीटवर पिशव्यांच्या शेजारी बसतो. जावई भलाच असतो. पण त्यालाही आठवड्यातून दोनच दिवस मिळतात, हे आपल्याला दिसतं ना! म्हणून "आई, कुठे जायचं?" असं त्यानं विचारलं, की आपलं उत्तर ठरलेलं : "कुठेही चालेल."

मी म्युनिकला दोन महिने असंच म्हणत होते. शेवटी एका संध्याकाळी लेकच म्हणाली, "तू नि बाबा दोघंच जा की दोन दिवस. आता बाळाचं मला जमतं." आमचे हे चटकन म्हणाले, "मोटार नाही, भाषा येत नाही, जायचं कुठे?" खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून ह्यांनी पुण्यातसुद्धा रिक्षाशिवाय बाहेर पडायचं सोडलं होतं. कोणाला पत्ता विचारायचा म्हटलं, तरी मलाच पुढे करीत. ते मला आतून सलत होतं. म्हणून मी हट्टाला पेटले.

गाव निवडताना एकच कसोटी लावा : स्टेशनातून बाहेर पडल्यावर जुने गाव चालत जाण्याजोगे हवे. न्यूरेंबर्ग तसे आहे. स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडला, की तटबंदीचा गोल बुरूज आणि तिथून आत सरळ बाजाराचा रस्ता. शिवाय जर्मनीतली पहिली आगगाडी धावली ती इथूनच, शेजारच्या फ्युर्थ गावापर्यंत, ७ डिसेंबर १८३५ रोजी. मोटारीवाचून हिंडायला ह्याहून योग्य गाव कोणते?

आता तिकिटाचे. 'बायर्न-टिकेट' नावाचे एक दिवसाचे तिकीट मिळते. एका माणसाचे मूळ भाडे आणि पुढच्या प्रत्येक माणसाला थोडी भर, अशी पाच माणसे एका तिकिटावर जातात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून चालते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. तिकिटावर आपली नावे लिहायची असतात, ते विसरू नका. आणि गंमत म्हणजे तेच तिकीट गावातल्या भुयारी रेल्वेला, ट्रामला आणि बसलाही चालते! आम्ही शुक्रवारी गेलो, शनिवारी परतलो. दोन दिवसांची दोन तिकिटे, बाकी प्रवासाला एक पैसा लागला नाही. विनातिकीट सापडलात तर मात्र साठ युरो दंड. तिथे "अहो, माहीत नव्हतं हो" चालत नाही.

एक खबरदारी. हे तिकीट फक्त साध्या, प्रादेशिक गाड्यांना चालते. वेगवान पांढऱ्या 'आय. सी. ई.' गाडीला नाही. म्युनिकच्या स्टेशनात ह्यांनी फलाटावर न्यूरेंबर्गची पाटी पाहिली आणि बॅग उचलून तरातरा निघाले. एक पाय आत पडला होता, तेव्हा माझं लक्ष गाडीच्या नाकाकडे गेलं. "अहो, ही नव्हे!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की तिघेचौघे वळून पाहायला लागले. आपली गाडी 'आर. ई.'. वेगवान गाडी तासाभरात पोचते, आपल्याला पावणेदोन तास लागतात. पण घाई कोणाला आहे? वाटेत इंगोलश्टाट लागते, शेते लागतात आणि डब्यातल्या दशम्या निवांत खाता येतात.

महिना-दोन महिने राहणार असाल, तर 'डॉइचलांड-टिकेट'चा हिशेब करून पाहा. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला निघाले, २०२५ मध्ये ५८ झाले, २०२६ पासून ६३. देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम त्यात येतात. मात्र ते दरमहा आपोआप चालू राहते. बंद करायचे तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावे लागते. ते काम मुलांकडेच सोपवा, आणि आठवण मात्र आपण करा.

पोचल्यावर आधी बॅग स्टेशनातल्या कुलुपाच्या कपाटात टाकावी. नाणी सुटी ठेवा. स्वच्छतागृहालाही तिथे पैसे पडतात आणि आयत्या वेळी नोट काही कामाची नाही. माझा लग्नातला चांदीच्या गोंड्याचा बटवा मी त्यासाठीच नेला होता.

मग चालत लोरेन्झ चर्च. आत आडाम क्राफ्ट नावाच्या पाथरवटाने सुमारे वीस मीटर उंचीचा दगडी मनोरा घडवला आहे, इतका नाजूक की लेस विणल्यासारखा. त्याच्या तळाशी गुडघा टेकून मनोरा खांद्यावर पेलणारा माणूस दिसतो ना, तो तो स्वतःच. हातात हत्यार घेऊन बसलेला. मला तो फार आवडला. कष्ट करणाऱ्याने आपलं नाव असं खाली बसून लिहावं!

बारा वाजता मात्र मुख्य चौकात, फ्राउएन-किर्शेसमोर उभ्या राहा. बाराच्या ठोक्यावर घड्याळाखालून सात राजपुरुष निघतात आणि बादशहा चौथ्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या घालतात. पोरंसोरं टाळ्या पिटतात. पण हे चर्च उभे आहे तिथे पूर्वी यहुद्यांचे प्रार्थनामंदिर होते. १३४९ मध्ये त्यांची वस्ती उद्ध्वस्त केली, तीही ह्याच चार्ल्सच्या संमतीने. बाहुल्या पाहताना तेही माहीत असलेले बरे.

चौकात भाजीबाजार भरतो. रविवार सोडून रोज. गावाच्या उत्तरेला भाजीचा मळेपट्टा आहे, त्याचं नावच मुळी 'क्नोब्लाउख्सलांड', म्हणजे लसणीचा मुलूख! वसंतात गेलात तर पांढऱ्या शतावरीच्या जुड्या दिसतील. ते लोक तिच्यावर आपल्याकडे आंब्यावर तुटून पडावे तसे तुटून पडतात, आणि जूनच्या २४ तारखेला तिचा हंगाम संपतो. त्याच चौकात उंच कळसाचे एक कारंजे आहे. जाळीत पितळी कडी आहे, ती फिरवली की इच्छा पुरी होते म्हणतात. मी फिरवली. काय मागितलं ते सांगत नाही.

खाण्याचे काय, हा आपला पहिला प्रश्न. इथले बोटाएवढे सॉसेज प्रसिद्ध, पण ते डुकराचे. शाकाहारी असाल तर 'ओने फ्लाइश', म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करा. त्याला जोडून 'ओने श्पेक' हेही, कारण बटाट्याच्या साध्या कोशिंबिरीतही कधी कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. चीज घातलेले 'केझे-श्पेट्झले' पोटभर होते. नुसते 'वासर' मागितले तर बहुधा सोडा येतो. 'श्टिल्लेस वासर' म्हणायचे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली भरून घ्या.

दुपारी खोलीवर पडून घ्या. गुडघ्यांचे ऐका. कारण किल्ला टेकडीवर आहे आणि चढ दगडगोट्यांचा. त्यावर युक्ती अशी : स्टेशनातून भुयारी रेल्वेने 'प्लेरर'पर्यंत जायचं. दोन आणि तीन नंबरच्या मार्गांवर गाडीला चालकच नसतो, अगदी पुढच्या काचेशी बसून बोगदा पाहता येतो. आमचे हे तिथे नातवापेक्षा लहान झाले. प्लेररला चार नंबरची ट्राम धरून 'टीअरगेर्टनरटोर'ला उतरायचं. तुम्ही किल्ल्याच्या पाठीशी थेट वरच पोचता! समोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचे घर. थोडासा चढ चढून किल्ल्याच्या सज्जात गेलात, की लाल कौलांचे सारे गाव पायाखाली. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावात हे जुने गाव जवळजवळ सगळे जळून गेले होते. नंतर पुन्हा उभारले. मग सगळा रस्ता उताराचा.

दुसऱ्या दिवशी एकच गंभीर ठिकाण करा, दोन नकोत. नाझी मेळाव्यांचे मैदान किंवा खटल्याचे न्यायालय. आम्ही न्यायालय घेतले. एक नंबरच्या भुयारी गाडीने 'बेरेनशान्झे' स्थानक. सहाशे क्रमांकाचे ते दालन, जिथे २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. वर त्याचे प्रदर्शन आहे. मंगळवारी ते बंद असते, तसंच बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा जाण्याआधी पाहून घ्या. दालन आपल्या कल्पनेपेक्षा लहान वाटतं. हे बाकावर बराच वेळ गप्प बसले. बाहेर आल्यावर स्टेशनचा रस्ता कुठला, हे त्यांनी एका म्हाताऱ्या जर्मन बाईंना स्वतः होऊन विचारलं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, मोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं. मी मुद्दामच दोन पावलं मागे राहिले.

घरी न्यायला 'लेबकुखेन' घ्या. मसाल्याच्या ह्या मऊ बिस्किटांतला 'एलिझेन' प्रकार सर्वांत चांगला. त्यात पीठ नाममात्र, सुकामेवा भरपूर. पण अंडे असते हो, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि खरेदी शनिवारीच उरका. रविवारी दुकानांना टाळे!

आम्ही संध्याकाळच्या गाडीने परतलो. दारात लेकीनं विचारलं, "बाबा, दमलात?" हे म्हणाले, "ऑग्सबुर्गला किती वेळ लागतो गं?"