मुलांना मराठीत भांडता यावे म्हणून

परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दर दोन घरांआड कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, आणि भाजणी-मेतकुटाचे डबे बांधून विमानात बसणारे आजी-आजोबा आम्ही बारा महिने पाहतो. त्यामुळे 'येत्या जुलैत मी तीन आठवडे अमेरिकेला जाणार आहे,' असे मी सांगितले तेव्हा कोणाची भुवईही वर गेली नाही. वर गेली ती पुढच्या वाक्याला. मी तिकडे कामावर जाणार आहे आणि ते काम मराठीचे आहे!

"म्हणजे पोळ्या लाटायला नेताहेत की काय हो तुम्हांला?" शेजारच्या काकूंनी काळजीने विचारले.

काकूंची शंका वाटते तेवढी भाबडी नव्हे. अमेरिकन सरकारने उन्हाळी शिबिरांत काम करणाऱ्या परदेशी माणसांसाठी 'जे-१' व्हिसामध्ये एक वेगळा वर्गच ठेवला आहे. 'कॅम्प कौन्सेलर' हे त्याचे नाव. मुक्काम फार तर चार महिन्यांचा. वय निदान अठरा वर्षे. आणि विद्यार्थी, शिक्षक, युवकांत काम करणारे किंवा एखादे विशेष कसब असणारे यांनाच तो मिळतो. अशा माणसाला स्वयंपाकी, भांडी घासणारा किंवा कचेरीतला कारकून म्हणून राबवता येणार नाही, असेही त्या नियमांत आहे. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

मिशिगन राज्यातल्या एका तळ्याकाठी तिथल्या मराठी पालकांनी हे बारा दिवसांचे शिबिर योजले आहे. मुले आठ ते चौदा वर्षांची. आधी आठवडाभर आम्हां शिकवणाऱ्यांचीच शिकवणी. कौन्सेलरला 'समुपदेशक' म्हणावे तर मनोरुग्णालयाची आठवण होते, आणि 'मार्गदर्शक' म्हणावे तर प्रबंधाची. शिबिरात मुले आम्हांला नुसते 'ताई' आणि 'दादा' म्हणणार आहेत. आपल्या भाषेत हा शब्द तयारच होता.

तळ्याकाठची खोटी गावे

भाषेसाठी शिबिर भरवण्याची ही कल्पना काही नवी नाही. श्रावणात मला पत्र आले, तेव्हापासून मी तिचा माग काढीत आहे. मिनेसोटा राज्यातल्या मूरहेड गावच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजने १९६१ साली मुलांसाठी जर्मन भाषेचे एक उन्हाळी शिबिर भरवले. ते इतके रुजले की पुढे फ्रेंच, स्पॅनिश, नॉर्वेजियन, फिनिश, रशियन, जपानी, चिनी अशी डझनाहून अधिक भाषांची 'गावे' त्यातून उभी राहिली. मूल आले की त्याच्या हाती खोटा पासपोर्ट पडतो, त्या भाषेतले नवे नाव मिळते आणि खिशातल्या डॉलरांचे त्या देशाचे चलन होते. मग चॉकलेट हवे असेल, तर दुकानात त्या भाषेतच मागायचे. मोठ्या मुलांच्या चार आठवड्यांच्या वर्गात १८० तास भरतात, आणि ते शाळेतल्या एका वर्षाच्या अभ्यासाइतके धरले जातात.

पण मला अधिक जवळची वाटली ती वेल्स आणि आयर्लंड यांची उदाहरणे. अमेरिकन मुलाला जर्मन परकी असते. वेल्श मुलाला वेल्श आपलीच असून निसटत चाललेली असते. वेल्समध्ये इव्हान अॅब ओवेन एडवर्ड्‌स या गृहस्थांनी १९२२ साली 'उर्द' ही मुलांची संघटना काढली, आणि १९३२ पासून लँग्रॅनॉग या समुद्रकाठच्या गावी तिची शिबिरे भरू लागली. आयर्लंडमध्ये बॅलिंगिअरी या खेड्यात १९०४ साली पहिले आयरिश कॉलेज निघाले, ते शिक्षकांसाठी. पुढे शाळकरी मुले उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे आयरिशभाषक खेड्यांत राहायला जाऊ लागली. तिथे ती वसतिगृहात राहण्याऐवजी बहुधा एखाद्या घरी उतरतात, आणि त्या घरची बाई, म्हणजे 'बॅन अ टी', त्यांना जेवू घालता घालता भाषाही घालते. इंग्रजी बोलताना सापडलेल्या मुलांना घरी धाडण्याची कडक रीतही तिकडे असे. आमच्या शिबिरात शिक्षा नाही. ते मला बरे वाटले. भाषेची धास्ती बसली की ती तोंडातून निघेनाशी होते, हे मी वर्गात नेहमी पाहते.

हुकमांची मराठी

आता ही मुले कोण, ते सांगायला हवे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. गावोगाव मराठी शाळा चालतात, पालक स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी तिथे शिकवतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. परंतु आठवड्याला दीड तास आणि वर्षाचे तीस आठवडे धरले, तर तास होतात ४५. शिबिरात जागेपणीचे रोजचे चौदा तास धरले, तर बारा दिवसांत १६८ तास मराठी कानांवर पडेल. शिबिराचा खटाटोप एवढ्यासाठीच.

गेल्या वर्षीच्या शिबिरातल्या दहा-बारा मुलांशी मी व्हिडिओवर बोलले. मी मराठीत विचारी, मुले इंग्रजीत उत्तर देत. समजत सारे होते. "आज काय जेवलास?" म्हटले की चेहरा उजळे; पण उत्तर मात्र "पास्ता, अँड देन सम वरण." बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या मुलांना येणारी मराठी बहुतेक आज्ञार्थातली होती. ऊठ, दात घास, जेव, आवर, चल, झोप. आईबापांकडून मुलाला भाषा मिळते ती अशीच. कुठल्याही देशात मिळते. पण आपल्याकडे मूल जिना उतरून खाली जाते आणि उरलेली भाषा दुसऱ्या मुलांकडून घेऊन येते. तिकडे जिना उतरला की इंग्रजी लागते.

एका दहा वर्षांच्या मुलाने हिय्या करून मराठीत वाक्य सांगितले, "मी रोज शाळेत जाते." दिवसभर मराठी बोलते ती आई, तो आईचेच क्रियापद उचलणार! दुसऱ्या एकीने मला सरळ 'तू' म्हटले. तिला सगळे 'तू'च म्हणतात. 'तुम्ही' ऐकायला घरी पाहुणे तर आले पाहिजेत. ही काही व्याकरणाच्या पुस्तकाची उणीव नव्हे. माणसांची उणीव आहे. म्हणून मी आयोजकांना कळवले, की शिबिरात दोन तरी 'दादा' घ्या आणि एखादे आजोबा आणा. 'मी जातो' असे म्हणणारी आणि 'अहो' म्हणावे लागेल अशी माणसे मुलांना दिसू देत.

डबा ऐसपैस

वीस वर्षे मी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवीत आहे. संतसाहित्य, भाषाशास्त्र, समीक्षा. माझी टिपणे चोख आहेत. त्यांतले एकही पान मिशिगनला नेण्याजोगे नाही. तिथे लागणार आहे ती बरोबरीच्यांची भाषा. रुसायची, चिडवायची, भागीदारीची, आणि सगळ्यांत आधी भांडायची. ज्या भाषेत मुलाला भांडता येत नाही, ती त्याच्या जिवाची होत नाही.

तेव्हा मी एक वही केली आणि खेळातले शब्द गोळा करू लागले. भिडू, डाव, गडी फोडणे, राज्य येणे, राज्य देणे, टाइमप्लीज, रडीचा डाव, चिडका बिब्बा, कट्टी आणि बट्टी. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू, सागरगोटे, आंधळी कोशिंबीर. सासूबाई माझ्या मुख्य सल्लागार. वय शहाऐंशी, पण सागरगोटे झेलण्याची रीत त्यांनी मला पलंगावर बसून करून दाखवली.

"अगं, नुसते शब्द काय लिहून घेतेस?" त्या म्हणाल्या. "खेळताना तोंड वाजायला हवं. मुकाट्याने खेळतात का कधी?"

"म्हणूनच तर विचारते आहे, आई. तुम्ही काय म्हणत होतात भांडताना?"

"ते तुझ्या त्या शिबिरात चालायचं नाही," असे म्हणून त्या पदराआड हसल्या. दोन शब्द मात्र त्यांनी सांगितलेच. वहीत आहेत, छापण्याजोगे नाहीत.

खेळाचा खरा उपयोग मला 'आम्ही' आणि 'आपण' यांवरून पटला. इंग्रजीला दोन्हींसाठी मिळून एकच शब्द. मराठीत मात्र ऐकणारा आपल्यात धरायचा की नाही, हे आधी ठरवावे लागते. वर्गात हे समजावायला मला फळाभर आकृती काढाव्या लागतात. लगोरीत एक डाव पुरतो. भिडूच्या गळ्यात हात टाकून म्हणायचे 'आपण जिंकलो', आणि समोरच्यांकडे तोंड करून 'आम्ही जिंकलो!' चुकीच्या माणसाला 'आपण' म्हटले, तर त्याला वाटेल आपणही जिंकलो. अशी चूक कोण मुलगा दुसऱ्यांदा करील?

ज्या हुकमांची मुलांना सवय आहे, तेही वाया जायचे नाहीत. जेम्स अॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली. शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलाने ती अंगाने करून दाखवायची. बोलण्याची सक्ती नाही. मी पहिल्या दिवशी ती उलटी चालवणार आहे. हुकूम मुलांनी सोडायचे आणि ताईने पाळायचे. "ऊठ! बस! लंगडी घाल!" मात्र ताईला 'तू' म्हटले, की ताई जागची हलणार नाही. "ताई, उठा!" म्हटले, की उठेल. आदरार्थी बहुवचन यापेक्षा लवकर शिकवण्याचा मार्ग मला तरी सुचलेला नाही.

शेंगदाणे वर्ज्य

बाकीची तयारी अशी. शिबिराचे नियम चौदा पानी आहेत. कोणाही मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर एकटे राहायचे नाही. विचारल्यावाचून छायाचित्र काढायचे नाही. पाठीत प्रेमाने धपाटाही घालायचा नाही. आपल्याकडच्या मायेला हे जरा जड जाते. पण नियम शहाणपणाचे आहेत, आपल्या शिबिरांनीही घ्यावेत असे आहेत. गवतातल्या गोचिडींपासून लाइम नावाचा रोग होतो, म्हणून रोज संध्याकाळी मुलांचे पाय तपासायचे. जुलैत तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. तेव्हा दिवेलागणीची शुभंकरोती नक्की कधी म्हणायची, हा प्रश्न मी आयोजकांपुढे टाकला आहे.

सर्वांत मोठा धक्का शेंगदाण्यांचा. काही मुलांना शेंगदाण्याचा कणही जिवावर बेततो, म्हणून शिबिरात दाण्याचे नावसुद्धा नको. गेली साबुदाण्याची खिचडी, गेली कोशिंबीर, गेली चिक्की! सासूबाईंनी खोबऱ्याच्या आणि तिळाच्या वड्यांवर तडजोड केली आहे. त्या मात्र पंगतीतच वाढायच्या. 'वाढू का?', 'अर्धीच', 'पुरे', 'नको हो ताई' ही वाक्ये टेबलावर ठेवलेल्या बशीतून मुलांच्या तोंडी कशी येणार?

खालचे अंगण

परीक्षा पाहावी म्हणून एका रविवारी मी सोसायटीतली मुले गोळा केली आणि 'डबा ऐसपैस' मांडला. चौदा मुले होती, त्यांतली नऊ मराठी घरांतली. पाच मिनिटांत खेळ रंगला आणि भांडणही झाले. "दॅट्‌स नॉट फेअर!" "चीटिंग कर रहा है यार!" एकही आवाज मराठीत उठला नाही. घरी आईशी मराठीत बोलणारी नऊ मुले एकमेकांशी हिंदी-इंग्रजीत भांडत होती. बाकावर बसलेल्या आजोबांना राहवेना. "अरे, राज्य त्याच्यावर आहे! हा रडीचा डाव झाला!" ते ओरडले. मुले थांबली. 'रडीचा डाव' त्यांना फारच आवडला. तासाभरात जो तो दुसऱ्याला तेच म्हणू लागला. त्यांतला एक मुलगा तमिळ होता.

मला मिशिगनचे अंतर त्या दिवशी पुष्कळ कमी वाटले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. दोन्ही गोष्टींचा मला आनंदच आहे. तथापि भाषा पुढे जाते ती एका मुलाच्या तोंडून दुसऱ्या मुलाच्या कानात, आणि त्या चिमुकल्या अंतरात दर्जाचा कागद शिरत नाही. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी रजेचा अर्ज पाहून विचारले होते, "मॅडम, मराठी शिकवायला इतक्या लांब कशाला?" प्रश्न विनोदाने विचारला होता, मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. जुलैपर्यंतचे सगळे रविवार मी खालच्या अंगणाला दिले आहेत. मिशिगनची तालीमही होईल आणि अंगणही गाजेल.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा अंगणात किल्ले उभे राहत असतील. माती, पोती, बुरूज, तटबंदी, पेरलेले हळीव आणि कुठल्या मावळ्याने कुठे उभे राहायचे यावरून होणारे तंटे! वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवून क्षणभर खिडकीशी उभे राहा आणि मुले कोणत्या भाषेत भांडताहेत ते ऐका. मराठीत भांडत असतील, तर कृपा करून मध्ये पडू नका.