राष्ट्र उभारण्याचा खेळ : पहिली पावले

बुद्धिबळाच्या पटावर राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे आणि प्यादी यांची मांडणी असते. परंतु तेथे प्रजा नसते, खजिना नसतो आणि शेजारी म्हणावा तर समोरचा शत्रू तेवढा एकच असतो. राज्यकारभाराची ही राहून गेलेली अंगे खेळात आणण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. अमेरिकेतील ॲलन कॅलहॅमर यांनी रचलेला ‘डिप्लोमसी’ हा खेळ १९५९ साली बाजारात आला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता त्यात असतात आणि फाशाला मुळीच स्थान नसते. खेळाडूंनी परस्परांशी बोलणी करावीत, करार करावेत, ते पाळावेत अथवा मोडावेत, आणि त्यावरच जयपराजय ठरावा, अशी त्याची योजना आहे. १९६३ सालापासून हा खेळ टपालाने खेळला जाऊ लागला. एक डाव संपण्यास महिनेच्या महिने लागत. परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांनी दुरून राजकारण करावे, ही कल्पना अशा रीतीने रुजली. इंटरनेटवरील राष्ट्र उभारणीच्या खेळांनी तीच पुढे नेली.

या प्रकारातील जुना आणि आजही चालू असलेला एक खेळ म्हणजे ‘नेशनस्टेट्स’ होय. ऑस्ट्रेलियातील कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी तो १३ नोव्हेंबर २००२ रोजी सुरू केला. त्यांची ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिची जाहिरात व्हावी, हा या खेळामागचा मूळ हेतू होता. तो हेतू यथावकाश मागे पडला आणि खेळ मात्र दोन दशकांहून अधिक काळ टिकून राहिला. त्याला पैसे पडत नाहीत. चपळ बोटांची किंवा तासन्‌तास संगणकासमोर बसण्याचीही त्याला गरज नसते. मात्र त्यात प्रवेश करणाऱ्या नवागताला दोन गोष्टी लवकर उमगाव्या लागतात. राज्यकर्त्याचा कोणताही निर्णय एकाच परिणामावर थांबत नाही, ही पहिली. आणि राष्ट्राचे खरे बळ त्याच्या सीमेच्या आत नसून शेजाऱ्यांच्या विश्वासात असते, ही दुसरी.

राष्ट्राचा जन्म

राष्ट्र स्थापन करण्यास काही मिनिटे पुरतात. त्याला नाव द्यावे लागते. ध्वज, बोधवाक्य, चलन आणि राष्ट्रीय प्राणी ठरवावा लागतो. यांपैकी इतर गोष्टी मागाहून बदलता येतात, पण नाव बदलता येत नाही. म्हणून क्षणिक गंमत वाटेल असे नाव देण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा. त्यानंतर शासन, अर्थव्यवस्था आणि नागरिकांचे स्वातंत्र्य यांविषयीच्या काही विधानांवर मत नोंदवावयाचे असते. या उत्तरांवरून राष्ट्राचा आरंभीचा स्वभाव निश्चित होतो.

आरंभीची लोकसंख्या ५० लाख असते. ती पुढे दररोज आपोआप वाढत राहते. शासन उदार असो वा जुलमी, या वाढीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे लोकसंख्येचा मोठा आकडा हे चांगल्या कारभाराचे लक्षण समजता येत नाही. तो केवळ राष्ट्राचे वय सांगतो. एखाद्या राष्ट्राच्या चालकाने सलग २८ दिवस हजेरी लावली नाही, तर ते राष्ट्र नकाशावरून नाहीसे होते. प्रदीर्घ रजेची सोय आधी करून ठेवल्यास ही मुदत ६० दिवसांपर्यंत जाते. लोपलेले राष्ट्र त्याच्या चालकाला पुन्हा जिवंत करता येते. परंतु त्याने मध्यंतरी गमावलेले स्थान त्याला परत मिळतेच असे नाही.

निर्णय आणि त्यांचे परिणाम

राष्ट्र अस्तित्वात येताच त्याच्यापुढे प्रश्न येऊ लागतात. मतदान सक्तीचे करावे काय, हा त्यांतील एक जुना प्रश्न. एक सल्लागार सक्तीचा आग्रह धरतो. दुसरा म्हणतो, मत द्यावे की न द्यावे हे नागरिकाच्या मर्जीवर सोडावे. तिसऱ्याला निवडणुकांचीच कटकट नको असते. राज्यकर्त्याने एक सल्ला स्वीकारावा किंवा प्रश्नच बाजूला सारावा. असे प्रश्न आता १,००० हून अधिक झाले आहेत. त्यांतील पुष्कळसे स्वतः खेळाडूंनीच लिहिलेले आहेत. त्यांची भाषा विनोदी असते आणि सुचविलेले उपाय मुद्दाम टोकाचे असतात. मधला, सर्वांना रुचेल असा मार्ग बहुधा उपलब्धच नसतो.

प्रत्येक निर्णयानंतर राष्ट्राची तीन मापे बदलतात : नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य. या तिहींच्या कमीअधिक प्रमाणावरून शासनाचे २७ प्रकार पाडलेले आहेत. त्यांच्या एका टोकाला सर्व बाबतींत मोकळीक देणारे राष्ट्र असते, तर दुसऱ्या टोकाला संपूर्ण हुकूमशाही असते. याखेरीज करांचे प्रमाण, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, गुन्हेगारी अशी इतर अनेक मापे असतात. मतदानाच्या सक्तीने राजकीय सहभाग वाढेल, पण नागरी हक्कांना तितकीच कात्री लागेल. रुग्णालये मोफत केली की खर्चाची तोंडमिळवणी करांतून करावी लागते, आणि कर वाढले की उद्योगांवर त्याचा भार पडतो.

नवागत बहुधा येथेच गोंधळतो. त्याला प्रत्येक प्रश्नाचे ‘बरोबर’ उत्तर हवे असते, आणि असे उत्तर नसते. हा खेळ जिंकण्याची कोणतीही व्याख्या नियमांत नाही. एखाद्याला संपन्न राष्ट्र हवे असेल, दुसऱ्याला समतेचे, तिसऱ्याला केवळ हास्यास्पद हुकूमशहा रंगवायचा असेल. तिन्ही हेतू सारखेच ग्राह्य असतात. म्हणून आपले राष्ट्र कोणत्या दिशेने न्यावयाचे हे आधी ठरवून मग प्रश्नांना सामोरे जाणे हितावह ठरते. तसे न करणाऱ्याचे राष्ट्र दर आठवड्याला नवा मुखवटा चढविते.

मित्र हे सातवे अंग

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. यांपैकी पहिल्या सहांचा विचार नवागताला आपोआप सुचतो. सातव्याचे महत्त्व मात्र त्याला बऱ्याच उशिरा कळते. या खेळात एक राष्ट्र दुसऱ्यावर सैन्य पाठवून त्याचा नाश करू शकत नाही. तशी व्यवस्थाच नाही. खेळाडू आपसांत काल्पनिक युद्धे लिहून रंगवितात, परंतु ती दोघांच्या संमतीने होतात. खरा संघर्ष चालतो तो प्रदेशांवरून.

प्रत्येक राष्ट्र कोणत्या ना कोणत्या प्रदेशात असते. ‘द पॅसिफिक’ आणि त्याच्या चार दिशांची नावे असलेले चार प्रदेश हे खेळानेच निर्माण केलेले असून पुष्कळ नवी राष्ट्रे तेथे जन्म घेतात. इतर हजारो प्रदेश खेळाडूंनी स्थापन केलेले आहेत. राष्ट्रांना हवे तेव्हा स्थलांतर करता येते. म्हणूनच नव्या राष्ट्राच्या नावे पहिल्याच दिवशी निमंत्रणांचा वर्षाव होतो. प्रत्येक प्रदेशाला नवे रहिवासी हवे असतात.

प्रदेशातील सत्ता ज्या संस्थेच्या आधारे ठरते, तिचे नाव ‘वर्ल्ड असेंब्ली’, म्हणजे जागतिक सभा. पूर्वी या सभेला संयुक्त राष्ट्रसंघाचेच नाव होते. आपले नाव व चिन्ह वापरू नये, असे त्या संघाने कळविल्यावर २००८ साली ते बदलण्यात आले. एका खेळाडूने कितीही राष्ट्रे चालविली, तरी त्यांतील एकालाच या सभेचे सदस्यत्व घेता येते. हा नियम मोडणाऱ्याला सभेतून काढले जाते. एकाच प्रदेशातील सदस्य राष्ट्रे परस्परांना अनुमोदन देऊ शकतात. ज्याला सर्वाधिक अनुमोदने, तो त्या प्रदेशाचा प्रतिनिधी होतो. सभेतील मतदानात सामान्य सदस्याला एक मत असते. प्रतिनिधीला मात्र आपल्या मताखेरीज प्रत्येक अनुमोदनामागे एक जादा मत मिळते. अनेक प्रदेशांत इतर राष्ट्रांना बाहेर घालविण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो.

अनुमोदन देण्यास एका क्षणापेक्षा अधिक वेळ लागत नाही आणि काही खर्चही पडत नाही. पण प्रदेशाची किल्ली कोणाच्या हाती जाणार, हे तेवढ्यानेच ठरते. २००३ साली ‘द पॅसिफिक’च्या प्रतिनिधिपदी आलेल्या एका राष्ट्राने आपल्या विरोधकांना प्रदेशाबाहेर काढण्यास सुरुवात केली आणि तेथे नवी राजवट उभी केली. अशा अनुभवांनंतर २००६ साली ‘प्रभाव’ नावाचे माप नियमांत आले. एखादे राष्ट्र प्रदेशात जितके जुने आणि जितक्या अनुमोदनांचे, तितका त्याचा प्रभाव अधिक, आणि तितकेच त्याला हुसकावणे महाग. रहिवाशांच्या मुळांना अशा रीतीने काही संरक्षण मिळाले.

तरीही धोका संपला नाही. संगणक दिवसातून दोनदा सर्व राष्ट्रांचा हिशेब नव्याने मांडतो आणि त्या क्षणी प्रतिनिधिपद बदलू शकते. याचा लाभ घेणारे संघटित गट आहेत. हिशेबाच्या थोडे आधी ते एखाद्या निद्रिस्त प्रदेशात एकदम शिरतात, आपल्यातील एकाला अनुमोदने देतात आणि रहिवासी जागे होण्यापूर्वी प्रतिनिधिपद बळकावतात. त्यांना रोखणारे रक्षक गटही तितकेच संघटित आहेत. प्रदेशाचा संस्थापक जागा असेल तर अशी घुसखोरी क्षणात परतविता येते. तो दीर्घकाळ गैरहजर असेल तर वर्षानुवर्षे जमविलेली मंडळी एका रात्रीत पांगू शकतात. २००९ साली सभेची एक सुरक्षा समिती निर्माण झाली, आणि बळकावलेल्या प्रदेशाच्या दारावर लावलेली सांकेतिक शब्दाची कडी ठरावाने काढण्याचा अधिकार तिला मिळाला. २०२३ साली प्रदेशांचे दोन प्रकार करण्यात आले. काही प्रदेश उघडे असतात. तेथे वरचढ अधिकारी नसतो, पण नवजात राष्ट्रांचा वाटा त्यांना मिळतो. इतर प्रदेश बालेकिल्ल्यासारखे असतात. तेथील प्रमुखाला आपला उत्तराधिकारी नेमता येतो. सुरक्षितता की वाढ, असा हा सरळ सौदा होय.

नवागताने काय करावे

पहिला आठवडा प्रश्नांची उत्तरे देण्यात आणि परिणाम वाचण्यात घालवावा. निर्णयानंतर कोणती मापे वर गेली व कोणती खाली आली, हे दर वेळी पाहिल्यास धोरणाची जाण आपोआप येते. निमंत्रणे घाईने स्वीकारू नयेत. प्रदेशाचा फलक उघडून तेथे माणसे खरोखर बोलतात काय, संस्थापक किंवा प्रमुख शेवटचा केव्हा आला होता, प्रतिनिधीला किती अनुमोदने आहेत, हे तपासावे. हजार राष्ट्रांचा मुका प्रदेश आणि वीस राष्ट्रांचा बोलका प्रदेश यांत शिकण्यासारखे अधिक दुसऱ्यात असते.

जागतिक सभेचे सदस्यत्व घेतल्यावर तिचे मंजूर ठराव आपल्या राष्ट्रालाही लागू होतात, हे ध्यानात ठेवावे. आपल्या कायद्यांवर बाहेरच्यांचा हात नको असेल, तर सभेबाहेर राहणे हाही प्रतिष्ठित पर्याय आहे. मात्र मग अनुमोदन देता येत नाही आणि प्रदेशाच्या सत्तेत वाटाही राहत नाही. अनुमोदन मागणाऱ्याचा पूर्वेतिहास पाहावा. प्रदेशात आधीपासून निवडणुकांची किंवा अनुमोदनांच्या मर्यादेची रीत असेल, तर ती समजून घ्यावी. नवागताने ती अजाणता मोडली, तरी जुने रहिवासी तिला बंडाची चाहूल समजू शकतात.

येथे ध्वज, खजिना आणि लोकसंख्या ही सारी काल्पनिक असतात. परंतु अनुमोदन देणारा माणूस खरा असतो, त्याने खर्च केलेला काळ खरा असतो, आणि त्याचा विश्वासघात झाला तर होणारी निराशाही खरीच असते. शक्तीच्या वाटपाविषयीचे नियम खेळाच्या चालकांना पुनःपुन्हा बदलावे लागले, ते याच कारणाने. सत्ता लोकांच्या संमतीतून येते, हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचून विसरले जाते. ती संमती कोणी, कोणाला आणि किती निष्काळजीपणे दिली, याचा हिशेब हा खेळ दिवसातून दोनदा मांडून दाखवितो.